बाहेरची कडी

३ जुलै २०२४, बुधवार

संस्थेच्या अर्पिताचं म्हणणं असं की, गट चालवणाऱ्यानं घरी आल्यावर चार ओळी लिहाव्यात, म्हणजे दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यात साठत नाही. पोरगी सत्तावीस वर्षांची, धाराशिवला पंख्याखाली बसते. तिचं काय जातं सांगायला! पण वही कुणाला दाखवायची नाही म्हणाली, म्हणून लिहिते.

काम असं: सास्तूरला बारा बुधवार जायचं. भूकंपातून वाचलेली जी माणसं अजून नीट झोपत नाहीत, दचकतात, त्यांना एकत्र बसवून चित्रं काढून घ्यायची. मी म्हटलं, बाई गं, एकतीस वर्षं झाली. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही तिथल्याच. वर चित्रकलेच्या शिक्षिका. तुमच्याजवळ बोलतील." तिथलीच, म्हणून तर नको होतं. मागच्या वर्षी गुडघ्यांनी निवृत्ती मागितली म्हणून मी शाळा सोडली, आणि आता हे. 'हो' का म्हटलं, देव जाणे.

तुळजापूरहून लोहाऱ्यापर्यंत एसटी, पुढं जीप. जाताना तीन तास, येताना साडेतीन. पाठीचा पार भुगा झाला.

समाजमंदिर चांगलं मोठं आहे. वर सिमेंटचा स्लॅब, तीन पंखे. पण अकरा बायका आणि एक म्हातारा, सगळे दाराशी दाटीवाटीनं बसलेले. "आत सरका की, जागा आहे," असं चारदा सांगितलं. कुणी हललं नाही. शेवटी मीच उंबऱ्यावर बसून बोलले. तिथं वारा बरा लागतो.

म्हाताऱ्याचं नाव बब्रुवान. म्हणाला, "म्या चित्र काढत नसतो. म्या फकस्त बसायला आलोय. घरी सून बोलती." बायका हसल्या.

सगळ्यात शेवटी द्वारकामावशी आल्या. जुन्या गावात आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून होती. भूकंपाच्या रात्री त्यांचा मुलगा श्रीमंत गेला, सात वर्षांचा. माझी धाकटी बहीण रंजी गेली, आठ वर्षांची. मी एकोणीसची होते. त्यानंतर आज पहिल्यांदा दिसल्या. केस पूर्ण पांढरे.

"ओळखलंत का मावशी? मी शिवकांता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. "व्हय, म्याडम," म्हणाल्या.

लहानपणी शिवे म्हणायच्या.

१० जुलै

संस्थेच्या पुस्तिकेत दुसऱ्या दिवसाला लिहिलंय, "आपल्याला सुरक्षित वाटणारी जागा काढा. उदाहरणार्थ, आपलं घर." काढा म्हटलं. तासभर मान खाली घालून काढत होत्या. मला बरं वाटलं.

मग कागद बघत फिरले. प्रत्येकीचं घर बिनछताचं! चार भिंती, दार, चूल, कुणाची तुळस, आणि वर काहीच नाही. सत्तावीस वर्षं पोरांच्या चुका दुरुस्त केलेला हात. म्हटलं, "अहो, छत राहिलं की," आणि पेन्सिल घेऊन एकेकीच्या घरावर छत काढत गेले. पाचव्या कागदापर्यंत पोचले तेव्हा सगळ्यांनी पेन्सिली खाली ठेवल्या होत्या. एक बाई उठून बाहेर गेली आणि कठड्याला धरून ओकली.

बब्रुवानकाका हळूच म्हणाले, "म्याडम, हितं छताखाली कोन झोपतंय? गव्हर्मेंटनं घर दिलं, त्यात आमी ज्वारी ठिवली. माणसं पत्र्याच्या शेडात झोपत्यात. पत्रा पडला तर लागंल, मरत न्हाय माणूस."

मला हे ठाऊक असायला हवं होतं. जुन्या घरांवर दीड-दोन हात मातीचं माळवद होतं. तेच सगळं अंगावर आलं. मी त्याच गल्लीतली, आणि मीच छतं काढत सुटले.

येताना जीपमध्ये रडू आलं. उन्हाचा चष्मा होता म्हणून बरं.

११ जुलै

अर्पिताचा फोन. हजेरीचे फोटो पाठवा म्हणाली. छतांचं सांगितलं नाही.

२४ जुलै

गेल्या बुधवारी एकादशी, सुटी. आज सगळ्यांसमोर माफी मागितली आणि खोडरबर वाटले. बायकांनी माझी छतं खोडली. ओकलेली बाई खोडताना म्हणाली, "जाऊ द्या म्याडम, तुमचा बी हात सवयीचा." तिनं मला माफ केलं, आणि मला मात्र आणखी थकल्यासारखं झालं.

द्वारकामावशी आल्या, बसल्या, काही काढलं नाही. मी दुसरीकडं बघत असले की माझ्याकडं बघतात. मी बघितलं की खाली बघतात.

त्यांना काय बोलायचंय ते मला माहीत आहे. वही कुणी वाचणार नाही, तर लिहून टाकते एकदाचं.

अनंत चतुर्दशी होती. अव्वा-अप्पा आळंदला, मामाच्या घरी मयत झालं म्हणून गेले होते. घरात मी आणि रंजी. मला गणपतीच्या मिरवणुकीला जायचं होतं, मैत्रिणी बोलवायला आल्या होत्या. रंजी झोपली होती. उठून मागं येईल म्हणून मी दाराला बाहेरून कडी लावली. मिरवणूक लांबली. मैत्रिणीच्या अंगणात जरा टेकले ते तिथंच झोप लागली. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना सगळं झालं. माझ्यावर कुंपणाची भिंत पडली, पाय मोडला, मला सोलापूरला नेलं. तीन आठवड्यांनी आले तेव्हा सगळं उरकलं होतं. रांगेत ठेवलेल्यांमधून अप्पांनी रंजीला ओळखलं आणि माती दिली. कुठं सापडली, कशी सापडली, मी विचारलं नाही. अप्पाही गेले आता.

कडीचं मी कुणालाच सांगितलं नाही. अव्वाला नाही, नवऱ्याला, शरणबसप्पांनाही नाही. पण शेजारणीला दिसली असणार. मिरवणूक संपवून त्या घरी आल्याच असतील ना? बाहेरून कडी, आत पोर. मावशी एक दिवस सगळ्यांसमोर विचारणार.

३१ जुलै

पाऊस. लोहाऱ्याला दीड तास जीप नाही. सातच जण आले. गुडघा सुजलाय. सोडून द्यावं का?

७ ऑगस्ट

आज द्वारकामावशींनी कागद मागितला. मी दिला.

त्यांनी फक्त एक दार काढलं. जुनं, दोन फळ्यांचं, वर लोखंडी कोयंडा. आणि कोयंड्याखाली साखळीची कडी, लोंबणारी. एकेक कडं नीट गोल काढलेलं. ज्या बाईनं आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिनं.

कागद माझ्या पुढ्यात ठेवला. "झालं, म्याडम," म्हणाल्या, आणि उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "छान." दुसरं काय म्हणणार? त्या थोडा वेळ थांबून गेल्या.

कडी! म्हणजे माझी शंका खरी होती.

१४ ऑगस्ट

पुन्हा तेच दार, तीच लोंबती कडी. पुन्हा माझ्यापुढं ठेवलं, पुन्हा थांबल्या. मी दुसऱ्या बाईनं काढलेल्या बैलांचं कौतुक करायला गेले.

२० ऑगस्ट, मंगळवार

शरणबसप्पांशी वाजलं. त्यांचं कुंकवाचं, कवड्यांच्या माळांचं दुकान. नवरात्राच्या मालाला सोलापूरला गेले होते. मी बाजारात गेले तेव्हा दार नुसतं ओढून घेतलं होतं. परत आले तर स्वयंपाकघरात माकड, आणि डब्यातले लाडू खलास. "पंचवीस वर्षं झाली," ते म्हणाले, "या घराला कुलूप मीच लावायचं का? आणि तू त्या गॅलरीत झोपतेस थंडीपावसात, लोक काय म्हणत असतील!"

मी म्हटलं, मला कुलपाचं जमत नाही, गडबड होते. आणि गॅलरीत हवा असते. एवढ्या वर्षांत एवढं साधं यांना कळू नये?

२१ ऑगस्ट

अर्पिताला फोन करून सांगायचं ठरवलं होतं की, पुढचे बुधवार दुसऱ्या कुणाला द्या. जीपमध्ये शब्दही जुळवले. पण फोन करायच्या आधीच बब्रुवानकाका म्हणाले, "म्याडम, कागदावर काय मजा न्हाय. कागद लेकराचा. आमच्या बायका भिंतीवर काढायच्या. पांढरी माती नि गेरू. आता या आइलपेंटला काय सारवावं?"

समाजमंदिराची मागची भिंत बिनरंगाची आहे. सरपंच आण्णासाहेबांना विचारलं. "काढा की, कोन बगतंय मागं," म्हणाले.

फोन केला नाही.

२८ ऑगस्ट

आज पहिल्यांदा दिवस कसा गेला कळलं नाही.

भिंतीला पांढरी माती दिली होती. गेरू कालवला, काडीला चिंधी गुंडाळली. काय काढायचं? एक म्हणाली, आपली जुनी गल्ली. आणि मग जे भांडण लागलं! पाण्याचा आड कुणाच्या दारासमोर, लिंब कुठल्या कोपऱ्यात, कुणाचं जोतं पुढं आलं होतं. "तुजं जोतं हातभर गल्लीत व्हतं, म्हणून तर बैलगाडी अडकायची!" "मायला, मेल्यावर बी माजं जोतं मोजतीस व्हय!" सगळ्या हसल्या. हसता हसता तिघी रडल्या आणि मग पुन्हा भांडल्या. बब्रुवानकाका चित्र न काढणारे. त्यांनी आपली म्हैस काढली. ती कुत्र्यासारखी झाली. कुणी तसं म्हटलं तर रागावले.

एकाही घराला छत नाही. मी चिंधीला हातही लावला नाही.

४ सप्टेंबर

गल्ली भरली. फक्त दोन जागा कोऱ्या आहेत, एकमेकींना लागून. एक आमचं घर, एक मावशींचं. बब्रुवानकाका म्हणाले, "गल्लीचं दोन दात पडल्यागत दिसतंय."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, मी गट चालवणारी, मी काढायचं नसतं, पुस्तिकेत तसं आहे. पुस्तिकेत तसं काहीही नाही. मावशी म्हणाल्या, "माजं बी ऱ्हाऊ द्या."

११ सप्टेंबर

आज घरोघर महालक्ष्म्या जेवतात, पुरणावरणाचा दिवस. कोण येणार? तरी गेले, कारण हजेरीला खाडा चालत नाही.

एकट्या द्वारकामावशी आल्या. त्यांच्या घरी श्रीमंत गेल्यापासून महालक्ष्म्या बसत नाहीत. भिंतीसमोर आम्ही दोघी, मधे दोन हातांचं अंतर. त्या दोनदा "म्याडम" म्हणाल्या आणि दोन्ही वेळा पुढं काहीच नाही. मी फोन कानाला लावून बोलल्यासारखं करत होते. पलीकडं कोणी नव्हतं.

तासाभरानं त्या उठल्या. "दम लागतो आता," म्हणाल्या. "लई दिस काय म्या ऱ्हात न्हाय." सावकाश गेल्या. मी फोन खाली घेतला.

लाज वाटते. पन्नास वर्षांची बाई मी.

१८ सप्टेंबर

काल चतुर्दशी झाली. भूकंपाची तारीख तीस सप्टेंबर असली तरी गावात तिथीच धरतात, त्यामुळं आज सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मी पोचले तर मावशी आधीच भिंतीशी, हातात चिंधीची काडी. आमच्या घराच्या कोऱ्या जागी त्यांनी दार काढलं होतं. कडी लोंबती.

मग शेजारच्या जागेत, स्वतःच्या घरात, तीन आडव्या रेघा ओढल्या. मधली मोठी, दोन्ही बाजूंच्या लहान. आणि माझ्याकडं वळल्या. सगळ्या बायका बघत होत्या.

आता ही बोलणार, असं वाटलं आणि मला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकवणार नव्हतं. मीच बोलले. मोठ्यानं, वर्गात ओरडायचे तशी. "कडी मी लावली होती मावशी. बाहेरून. रंजी आत असताना. मिरवणूक बघायला गेले."

मावशी म्हणाल्या, "ठावं हाय. म्याच काढली."

मला कळेना. त्यांनी चिंधीच्या काडीनं भिंतीवरची कडी दाखवली. "बग की. लावलेली हाय का ही? काढलेली हाय. तीनदा काढून दावली तुला."

खरंच. लोंबती कडी म्हणजे काढलेली कडी. लावलेली असती तर कोयंड्यात अडकली नसती का? सत्तावीस वर्षं पोरांना बघायला शिकवलं मी.

त्या खाली बसल्या. मीही बसले. मग सांगितलं, थांबत थांबत.

"मिरवणुकीतनं म्या लवकर आले. श्रीमंत झोपंला आला व्हता. तर तुमच्या घरात पोरगी रडती. अक्का, अक्का करती, दार वाजवती. म्या कडी काढली नि कडंवर घिऊन आले. गूळशेंगा दिल्या. वाकळंवरनं श्रीमंतसंगं भांडली. मंग दोघं माज्या दोन अंगाला झोपली. पहाटं मला बाहीर जायचं झालं. टमरेल घिऊन गेले. वड्यापतुर पोचले नसंल..."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "तुमचं माळवद पुढनं पडलं. पर आतली खोली, देवाची, तिची भितं उभी ऱ्हायली. गाद्या तशाच अंथरलेल्या व्हत्या. म्या डोळ्यानं बगितलं. कडी काढली नसती तर तुजी भन आज... तुज्या आप्पानं मला विचारलं न्हाय. म्या सांगितलं न्हाय. एकतीस वर्सं तुजी वाट बगत बसले नि तू आली तर माजं तोंड उघडंना, शिवे."

इथं खरं लिहायचं तर लिहिते. पहिल्यांदा मला राग आला. माझी कडी तिला वाचवणार होती! मी एकतीस वर्षं स्वतःला खात राहिले आणि ती कडीच बरोबर होती. उठून निघून जावं, जीप धरावी, आणि मग या बाईला आयुष्यभर दोष देत सुखानं राहावं, असं क्षणभर मनात आलं. सोपं होतं ते.

पण त्या तीन रेघा समोर होत्या. मी विचारलं, "मावशी, झोपली तेव्हा रडत होती का?"

"न्हाय. हसत व्हती. श्रीमंतनं लाथ मारली म्हणून."

माझ्या डोक्यात रंजी एकतीस वर्षं अंधारात एकटी दार वाजवत होती. मी भाकरी थापताना, शाळेत हजेरी घेताना, एसटीत बसताना. आणि ती गूळशेंगा खाऊन, लाथ खाऊन, हसून, माणसाच्या कुशीत झोपली होती.

मी मावशींना म्हटलं, "मी तिला कोंडून गेले. तुम्ही रडू दिलं नाहीत. मला एवढं पुष्कळ आहे." त्यांनी मान हलवली, नाही नाही अशी. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवर डोकं टेकलं. हलक्या आहेत अगदी. बब्रुवानकाका भिंतीकडं तोंड करून आपल्या म्हशीची शिंगं जाड करत बसले.

पाणी कुणी आणलं, जीपमध्ये कुणी बसवलं, आठवत नाही. फार थकलेय. उद्या उशिरापर्यंत झोपणार.

२५ सप्टेंबर

शेवटचा बुधवार. आमच्या घरात मी चूल काढली, देवाची खोली काढली, आणि अंथरलेल्या दोन रिकाम्या गाद्या. मावशी शेजारी बसून चुका काढत होत्या. "तुमची चूल हिकडं न्हवती. तिकडं. धूर माज्या घरात यायचा."

मी गल्लीला विचारलं, छतं काढायची का आता? बब्रुवानकाका म्हणाले, "नगं. आभाळ दिसतंय ते बरं हाय."

निघताना मावशींनी गूळशेंगांची पुरचुंडी दिली. म्हणाल्या, सकाळपासून दोनदा दम लागला, तरी शेंगा भाजल्या. पुन्हा कधी येशील, असं विचारलं नाही. मी म्हटलं, "सोमवारी येते. तीस तारखेला." त्यांनी पदर नीट केला आणि "ये, शिवे," म्हणाल्या.

अर्पिताला फोटो पाठवले. तिनं विचारलं, मॅडम, गटाला फायदा झाला का? मी लिहिलं, म्हैस जमली नाही, बाकी ठीक.

चारला घरी पोचले. शरणबसप्पा दुकानात, नवरात्राच्या गर्दीची तयारी. घरात कुणीच नाही. पिशवी आत ठेवली, परत बाहेर आले, दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली. दाराला कान लावून उभी राहिले. शेजारीण जिन्यातून गेली, तिनं बघितलं, बघू दे.

बराच वेळ उभी होते. आतून कुणी वाजवलं नाही.

मग गुडघा दुखायला लागला, म्हणून कडी काढली आणि चहा टाकला.